शहराचा विकास आराखडा बदलून हवामान बदलाचा फटका खरंच कमी होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की पूर वाढतायत, उन्हाळे वाढतायत, महापालिकेच्या हातात ना ढग ना सूर्य, मग जमीन वापराचा नकाशा बदलून काय होणार, की हे पण वृक्षारोपणाच्या फोटोसारखंच एक काम.

मी नकाशांच्याच धंद्यात आहे, जीआयएस (संगणकावरचे नकाशे) वगैरे, त्यामुळे आपल्याच मालाची तारीफ करतोय असं समजा हवं तर, पण उत्तर हो आहे. पाऊस किती पडणार हे कोणाच्या हातात नाही, पण पडलेला पाऊस कुठे जाणार आणि तिथे कोण राहत असणार हे बऱ्यापैकी त्या नकाशावरच ठरतं. आणि सगळ्या उपायांत हा सगळ्यात स्वस्त, फक्त बांधकाम व्हायच्या आधी. एकदा स्लॅब पडला की मग पंप, भिंती, जमिनीखालच्या टाक्या, नुकसानभरपाई, सगळं आलंच.

एक साधं गणित करून बघा. एक हेक्टर मोकळी गवताळ जमीन, तासाभरात ५० मिमी पाऊस, म्हणजे तिच्यावर पडलं ५ लाख लिटर पाणी. जमीन बरी असेल, फार उतार नसेल तर त्यातला साधारण पाचवा हिस्सा, लाखभर लिटर, वाहून जाईल, बाकीचं मुरेल नाहीतर खड्ड्याखाचरात थांबेल. आता तिथे इमारती, सिमेंटचे रस्ते, पार्किंग आणि उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक आले की वाहून जाणारं पाणी साडेचार लाख लिटरच्या आसपास जातं. म्हणजे साडेतीन लाख लिटर जादा, १० हजार लिटरवाले ३५ टँकर, एका तासात, त्याच जुन्या नाल्यात. आणि गंमत म्हणजे ही फाइल मंजूर करणाऱ्याचं यात काही चुकत नाही कारण एका प्लॉटने नाला तुंबत नाही, पुढची फाइल येते ती पण एकाच प्लॉटची असते, तिच्यानेही तुंबत नाही, अशा शंभर झाल्यावर एका रात्री तुंबतो आणि तेव्हा कोणत्या फाइलमुळे तुंबला हे कोणीच सांगू शकत नाही, मग नाव पावसाचं.

म्हणून नियम प्लॉटच्या पातळीवर लावावा लागतो. सिंगापूरने २०१४ पासून ०.२ हेक्टर आणि त्याहून मोठ्या जागेवर नवं बांधकाम करणाऱ्याला आपलं पाणी आपल्याच जागेत थोडा वेळ अडवून हळूहळू सोडायची सक्ती केली. टाकी बांधा, तळं करा, खोलगट बाग करा, तुमचा प्रश्न, पण शेजारच्या गटारात एकदम ओतायचं नाही. यात जगावेगळं तंत्रज्ञान काही नाही, बांधकाम परवानगीतली एक अट आहे फक्त.

भरावाचं पण तसंच. सखल प्लॉटवाला मुरूम टाकून दीड मीटर उंच होतो, त्याचं घर वाचतं, त्याच्या जागेवर आधी जे पाणी थांबायचं ते शेजाऱ्याच्या घरात जातं, मग शेजारी दोन मीटर भराव टाकतो. जोता उंच घ्या म्हणायचं पण भरावावर मर्यादा ठेवायची नाही, असा नियम असेल तर पूर कमी होत नाही, फक्त त्याचा पत्ता बदलतो. त्यापेक्षा खांबांवर घर उचला आणि खालून पाणी जाऊ द्या असं सांगणं बरं. पण तिथे उंचीचा नियम आडवा येतो: इमारतीची कमाल उंची जर जमिनीपासून मोजायची असेल तर घर वर उचलणाऱ्याचा वरचा मजला कापला जातो, मग कोण उचलेल? न्यूयॉर्कने २०२१ मध्ये पूरक्षेत्रातल्या इमारतींसाठी उंची पुराच्या पातळीपासून मोजायची परवानगी कायम केली ती यासाठीच. असले बारके नियम कोणी बातमीत देत नाही, पण काम तेच करतात.

आता मुख्य मुद्दा, पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणारी नकाशावरची रेष. ही रेष बहुतेक ठिकाणी मागच्या पावसाच्या नोंदींवरून काढलेली असते, आणि मागचा पाऊस आता फारसा भरवशाचा नाही, हवा १ अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणजे कोसळायला माल जास्त. त्यात शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेष धरली तरी त्याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता, आणि ३० वर्षांच्या होम लोनच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता निघते २६ टक्के. तीही जुन्या पावसाच्या हिशोबाने. त्यामुळे आराखडा २० वर्षांसाठी करत असाल तर रेष पुढच्या पावसाची पाहिजे, इतकं साधं आहे, पण ती थोडी जरी बाहेर सरकली की तिच्या आत किती प्लॉट येतात हे दिसायला लागतं आणि मग मीटिंगमध्ये एकदम शांतता.

आणि रेष म्हणजे खरोखर काय ते पण सांगतो. १:१०,००० च्या नकाशावर १ मिमी म्हणजे जमिनीवर १० मीटर. पेनची रेष अर्धा मिमी जाड असली तर ती रेषच ५ मीटर रुंद झाली, म्हणजे एखाद्याच्या घराची एक आख्खी खोली रेषेच्या जाडीत. मग तो माणूस म्हणणार मी बाहेर, ऑफिस म्हणणार तू आत, दोघंही नकाशावरच बोट ठेवणार. म्हणून पूररेषा नुसत्या रेषेत ठेवू नये, जागेवर समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत लिहून ठेवावी, अमुक पातळीच्या खाली राहायची खोली नाही. पातळी लेव्हल मशीनने जागेवर मोजता येते, तिच्यावर वाद घालणं जरा जड जातं.

पण खरं सांगू का, रेष काढणं हा सोपा भाग आहे, ती पुढच्या वीस वर्षांत न सरकवणं हा अवघड. जमीन मालकाचं गणित बसलं नाही तर रेष सरकतेच, कायदा कितीही कडक असो. तुम्ही त्याला सांगता की तुझी जमीन आता हरित पट्टा, बांधायचं नाही, आणि रस्त्यापलीकडच्याला पूर्ण एफएसआय (प्लॉटच्या तुलनेत किती बांधता येतं ते प्रमाण), तर तो गप्प बसणार नाही आणि त्याच्या जागी मी असतो तर मी पण बसलो नसतो. एकतर जमीन सरळ विकत घ्या, नाहीतर तिथला बांधकामाचा हक्क टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकाम हक्क) देऊन उंचावरच्या भागात वापरू द्या, किंवा शेती, नर्सरी, खेळाचं मैदान असे पाण्यात चार दिवस बुडाले तरी चालणारे वापर करू द्या. यातलं काहीच न करता नुसता हिरवा रंग भरला तर तो आराखड्याच्या पुढच्या सुधारणेत पिवळा, म्हणजे राहण्याच्या वापराचा, होणार हे लिहून ठेवा.

टोरांटोचं उदाहरण मला यासाठी आवडतं. १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये हेझल चक्रीवादळाचा पाऊस झाला, हंबर नदीकाठच्या रेमोर ड्राइव्ह या एका रस्त्यावर एका रात्रीत ३५ माणसं गेली. त्यानंतर त्यांनी तिथे परत घरं बांधू दिली नाहीत, नदीखोऱ्यांची व्यवस्था बघणारी यंत्रणा उभी केली, दऱ्यांमधल्या जमिनी विकत घेत गेले आणि तिथे पार्क केले. आज लोक तिथे फिरायला जातात. पैसे लागले का? लागले. पण पुढच्या प्रत्येक मोठ्या पावसात तिथे वाचवायला कोणी नसतं.

उलट उदाहरण ह्यूस्टनचं. शहराच्या पश्चिमेला अॅडिक्स आणि बार्कर हे दोन मोठे जलाशय १९४० च्या दशकात बांधलेले, एरवी बहुतेक कोरडेच, मोठ्या पावसात पाणी अडवायला. पूर्ण भरल्यावर पाणी जितकी जागा घेईल तितकी सगळी जमीन सरकारने घेतलीच नव्हती, उरलेल्यावर पुढे वसाहती झाल्या. काही लेआउटच्या मंजूर नकाशावर बारीक अक्षरात टीप पण होती की ही जागा जलाशयाच्या पाण्याखाली जाऊ शकते! घर घेणाऱ्यांपैकी ती वाचणार कोण. २०१७ मध्ये हार्वे वादळात पाणी तिथपर्यंत आलं आणि हजारो घरं बुडाली. म्हणजे माहिती होती, कागदावर होती, पण त्या माहितीमुळे परवानगी थांबत नव्हती. माझ्या मते आराखड्याची खरी परीक्षा हीच, धोका नकाशावर दाखवलाय का एवढं बघून उपयोग नाही, तो दाखवल्यामुळे परवानगीच्या टेबलावर काही अडतं का ते बघा.

इथे कोणीतरी म्हणणारच की भिंत बांधा, डच लोक बघा. तर डच लोकांनी नाइमेगेनला वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे नेला, नदीला जादा पात्र खोदून दिलं, त्यासाठी घरं हलवली. भिंतीचा तोटा असा की तिच्यामागे लोकांना सुरक्षित वाटतं, मग तिथे आणखी बांधकाम होतं, आणि ज्या दिवशी पाणी भिंतीवरून येतं त्या दिवशी आधीपेक्षा जास्त बुडतं.

जे आधीच गच्च भरलंय त्या शहराचं काय, हा रास्त प्रश्न. तिथे रस्ता आणि मैदान हीच तुमची जमीन. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ ला दोन-तीन तासांत १५० मिमीच्या आसपास पाऊस झाला, त्यानंतर २०१२ च्या आराखड्यात त्यांनी ठरवलं की शंभर वर्षांतल्या एका पावसात सुद्धा रस्त्यावर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी साचू द्यायचं नाही, आणि मग कुठल्या रस्त्याने पाणी वाहील, कुठल्या बागेत थांबेल हे वाटून दिलं. रॉटरडॅमचा बेंथेमप्लाइन चौक एरवी खेळायला, जोराच्या पावसात त्यात १७ लाख लिटर पाणी मावतं. आपल्या वरच्या गणितातले जवळपास पाच हेक्टर त्यात भागले. फक्त पाच, हे पण लक्षात घ्या.

उष्णतेबद्दल कमी लिहितो कारण तिथे पाण्यासारखी रेष काढता येत नाही, पण वाऱ्याची वाट मात्र नकाशावर दाखवता येते. जर्मनीतलं श्टुटगार्ट डोंगरांच्या खोलगटीत आहे, वारा मुळातच कमी, रात्री उतारावरून थंड हवा खाली येते तेवढाच दिलासा. १९३० च्या दशकापासून त्या पालिकेत हवामानाचा माणूस नोकरीला आहे, आणि २००८ च्या त्यांच्या अॅटलासमध्ये आजूबाजूच्या १७९ गावा-शहरांसाठी हवा कुठून येते आणि कुठे बांधल्यावर अडते हे दाखवलंय. उतारावरच्या दरीच्या तोंडाशी आडवी लांब इमारत उभी केली की खालच्या वस्तीच्या रात्री तापतात, तीच इमारत वाऱ्याला समांतर ठेवली तर निभतं. झाडं लावाच, पण मुळांना माती आणि मोकळी जागा हवी, म्हणजे परत प्रश्न मार्जिन, म्हणजे इमारतीभोवतीची मोकळी जागा, किती सोडायला लावता आणि तळघर प्लॉटच्या हद्दीपर्यंत खोदू देता का यावर येतो. तळघराच्या स्लॅबवर मोठं झाड वाढत नाही हो.

एक गोष्ट मात्र आमच्या क्षेत्रातले लोक सोयीस्कर विसरतात. नाल्याकाठी राहणारे हौसेने राहत नाहीत, कामाच्या जवळ परवडणारी तेवढीच जागा असते. त्यांना उठवून २५ किलोमीटरवर घर दिलं तर वर्षभरात ते भाड्याने देऊन परत तिथेच येतील, नाहीतर त्यांच्या जागी दुसरे येतील. पूरक्षेत्र मोकळं करायचं असेल तर त्याच आराखड्यात उंचावर, बसच्या मार्गावर, स्वस्त घरांसाठी जागा राखून ठेवावी लागते, आणि ती आधी.

तुम्हाला स्वतःला काही करायचं असेल तर प्रारूप आराखडा हरकतींसाठी खुला होतो तेव्हा तो उघडून बघा, आपल्या भागाच्या नकाशावर कंटूर (सारख्या उंचीच्या रेषा) आणि जुने ओढे टाका, ओढा जिथे बिल्डिंगच्या रंगाखाली गायब होतोय ती जागा शोधा. पर्यावरणाचा विचार व्हावा असं लिहिलेल्या हरकतीवर शिक्का मारून ती बाजूला जाते. अमुक सर्व्हे नंबरमधून ओढा वाहतो, हा जुना नकाशा, हा मागच्या पुरातला तारखेचा फोटो, पाणी जोत्याच्या वर इतकं, म्हणून हा झोन बदला, असं लिहिलं की ती हरकत तितक्या सहज बाजूला टाकता येत नाही, आणि पुढे कोर्टात उपयोगी पडू शकते.