बॅरियरवरची टिप्पणी कशी लिहावी?

प्रश्न : मी लिनक्स कर्नलसाठी (कार्यप्रणालीच्या गाभ्यासाठी) ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा कोड, लिहितो. कोडमधील एका लेखन-बॅरियरवर (मेमरीतील लेखनांचा क्रम बदलू न देणाऱ्या सूचनेवर) मी ‘मेमरीतील लेखन क्रमाने व्हावे म्हणून’ अशी टिप्पणी लिहिली होती. ती अपुरी आहे, असे सांगून ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पॅच (कोडमधील बदल) परत पाठवला. वास्तविक इंटेलच्या यंत्रावर हा कोड कित्येक महिने बिनचूक चालला आहे. आणखी काय लिहायला हवे? – एक वाचक, पुणे

उत्तर : या बाबतीत मला आपल्या सहकाऱ्यांचीच बाजू घ्यावी लागेल. ‘क्रमाने’ म्हणजे कोणत्या दोन क्रियांच्या क्रमाने आणि तो क्रम कोणाला दिसायला हवा, या दोन्ही गोष्टी आपल्या वाक्यात नाहीत. समजा, एक प्रोसेसर बफरच्या एका खणात मजकूर भरतो आणि मग ‘तयार’ हा फ्लॅग (खुणेचा चल) १ करतो. दुसरा प्रोसेसर फ्लॅग पाहून तो खण वाचतो. पहिल्याने दोन लेखनांच्या मध्ये एसएमपी-डब्ल्यूएमबी हा लेखन-बॅरियर घातला, पण दुसऱ्याने दोन वाचनांच्या मध्ये एसएमपी-आरएमबी हा वाचन-बॅरियर घातला नाही, तर आर्म प्रोसेसरवर फ्लॅग नवा आणि मजकूर जुना असे खुशाल दिसू शकते. म्हणून टिप्पणी अशी असावी : ‘खणातील मजकूर फ्लॅगच्या आधी दिसावा, जोडीचा बॅरियर अमुक फंक्शनमधील एसएमपी-आरएमबी, तो नसल्यास वाचणाऱ्याला शिळा मजकूर मिळेल.’ चेकपॅच ही स्क्रिप्ट बॅरियरवर टिप्पणी नसल्यास इशारा देते खरी, पण टिप्पणीत अर्थ आहे की नाही, हे तिला कळत नाही.

इंटेलवरील चाचणीने येथे फारसे काही सिद्ध होत नाही. एक्स-८६ वर (इंटेलच्या या प्रोसेसर-रचनेवर) सर्वसाधारण मेमरीत एका प्रोसेसरने केलेली लेखने इतरांना त्याच क्रमाने दिसतात; स्टोअर बफरमुळे (लेखने मेमरीत जाण्याआधी थांबतात त्या जागेमुळे) मागेपुढे होऊ शकते ते केवळ आधीचे लेखन आणि नंतरचे दुसऱ्या पत्त्यावरचे वाचन. त्यामुळे तेथे एसएमपी-डब्ल्यूएमबी केवळ कंपायलरला (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला) अडवतो आणि प्रोसेसरसाठी एकही सूचना निर्माण करत नाही.

‘कोणाला’ हा प्रश्न ड्रायव्हर लिहिणाऱ्याने तर दोनदा विचारावा. खण वाचणारा दुसरा प्रोसेसर नसून डीएमए करणारे (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरी वापरणारे) उपकरण असेल, तर एसएमपी-डब्ल्यूएमबी ही निवडच चुकीची ठरते, कारण एकाच प्रोसेसरसाठी बांधलेल्या कर्नलमध्ये त्याचा निव्वळ कंपायलर-बॅरियर होतो. अशा वेळी डीएमए-डब्ल्यूएमबी हवा. टिप्पणीत वाचणाऱ्याचे नाव लिहायला बसले, की ही चूक पुष्कळदा आपोआप उघडी पडते. दोन्ही बाजूंना प्रोसेसरच असतील, तर फ्लॅगसाठी स्टोअर-रिलीज (आधीच्या क्रियांनंतरच दिसणारे लेखन) आणि लोड-ॲक्वायर (नंतरच्या क्रियांच्या आधीच होणारे वाचन) वापरावेत, असे मी सुचवेन. क्रम कोणत्या चलाशी बांधलेला आहे, हे मग कोडच सांगतो.

कर्नलमधील ‘मेमरी-बॅरियर्स’ हा दस्तऐवज २००६ पासून आहे, मात्र आपण विनिर्देश (अधिकृत नियमावली) नसल्याचे तो स्वतःच आरंभी बजावतो. २०१८ मध्ये ४.१७ या आवृत्तीबरोबर औपचारिक मेमरी मॉडेल (कोणता क्रम शक्य आहे ते नेमके सांगणारे नियम) आले. वरील उदाहरण दहा-पंधरा ओळींच्या लिटमस चाचणीत (अशा प्रसंगाच्या छोट्या नमुना-प्रोग्राममध्ये) लिहून हर्ड-७ या तपासणी-साधनाला दिले, की नको असलेली स्थिती ‘नेव्हर’ (कधीच नाही) आहे की ‘समटाइम्स’ (कधीकधी), ते कळते. ही चाचणी पॅचच्या वर्णनात जोडली, तर तपासणाऱ्याला आपल्या शब्दावर विसंबावे लागणार नाही.

प्रश्न : फ्लॅग ‘इफ’ या अटीने तपासूनच मी खण वाचतो. मग वाचन-बॅरियर वेगळा कशाला? – एक वाचक, नाशिक

उत्तर : कारण प्रोसेसर अटीचा निकाल लागण्याआधीच अंदाजाने खण वाचून ठेवू शकतो. लिनक्सच्या नियमांनुसार अटीमुळे वाचन आणि त्यानंतरचे लेखन यांचा क्रम राखला जातो, तोही कंपायलरने ती अट काढून टाकली नाही तरच; दोन वाचनांचा क्रम तिच्यामुळे राखला जात नाही. पत्ता वाचून त्याच पत्त्यावरचा मजकूर वाचणे ही गोष्ट वेगळी. तेथे बहुतेक प्रोसेसर क्रम पाळतात. अपवाद होता डेक कंपनीच्या अल्फा प्रोसेसरचा, आणि त्यासाठीचा बॅरियर कर्नलच्या ४.१५ आवृत्तीपासून रीड-वन्स या वाचनाच्या मॅक्रोमध्येच घातलेला आहे. आपल्या कोडमध्ये खणाचा पत्ता फ्लॅगमधून येत नाही, त्यामुळे ही सवलत आपल्याला लागू होत नाही. एसएमपी-आरएमबी किंवा लोड-ॲक्वायर घालावाच लागेल.