दुसऱ्या टाकीचे चौदाशे डॉलर

नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. डॅलसच्या उत्तरेला घर, तिथून ऐंशी मैलांवर नुकतीच घेतलेली जमीन, महिन्यातून दोन वीकेंड तिकडे फेरी, आणि सामान ओढायला जुना पिकअप हवाय. पाहिलेल्या दोन्ही गाड्या १९९५ च्या फोर्ड एफ-१५०, इंजिन तेच, ४.९ लिटरचं सहा सिलिंडरवालं. एकीच्या पेट्रोलच्या दोन्ही टाक्या चालू आहेत, मालक ६,८०० डॉलर मागतोय. दुसरीची मागची टाकी आधीच्या मालकाने बंद करून ठेवलीय, तिचे ५,४००. दोन टाक्यांसाठी चौदाशे जास्त मोजावेत का, एवढाच तुमचा प्रश्न.

मोजू नका. बाकी सगळं सारखं असेल तर टाकीपोटी दोन-तीनशे फार झाले.

तुमच्या मेकॅनिकने बंद टाकी इंधनपंपासकट चालू करून द्यायचे ९०० सांगितलेत, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे जी गोष्ट ९०० ला मिळते तिचे चौदाशे द्यायचे की नाही, असा हा सवाल झाला. वरच्या पाचशेचं समर्थन टाकीत सापडणार नाही. बॉडी, गिअरबॉक्स, टायर यांत सापडलं तर बघा. आणि ते ९०० तरी तुम्हाला खर्च करायची गरज आहे का?

या गाड्यांना दोन टाक्या मिळून साधारण ३५ ते ३७ गॅलन मावतात, म्हणजे एकीत १६ ते १९. अ‍ॅव्हरेज गॅलनला चौदा मैलांचं धरू, जुन्या एफ-१५० कडून त्याहून मोठी अपेक्षा ठेवू नये. लहानातली लहान टाकी धरली तरी २२४ मैल जाते. तुमची जाऊन-येऊन फेरी १६० मैलांची. एका टाकीत होते. ट्रेलर जोडला की अ‍ॅव्हरेज दहावर येईल, तेव्हा मात्र १६ गॅलनमध्ये बरोबर १६० मैल. तेवढ्यावर कुणी निघू नये, वाटेत एकदा गॅस, म्हणजे पेट्रोल, भरावा लागेल. टेक्ससच्या हायवेवर ही काही अडचण नाही, उलट बकीजला, म्हणजे हायवेवरच्या त्या मोठ्या पंप-दुकानाला, थांबायला पोरांना निमित्तच मिळेल.

"स्वस्त गॅस दिसला की दोन्ही टाक्या भरून ठेवू" हा तुमचा मुद्दा बरेच जण मांडतात. वर्षाला तुमचे ५,००० मैल धरले तर साडेतीनशे गॅलनच्या आसपास लागतील. सगळाच्या सगळा गॅस २५ सेंटने स्वस्त मिळाला तरी वर्षाची बचत नव्वद डॉलरच्या आत. त्यातलाही बराचसा भाग एका टाकीवर मिळतोच, कारण स्वस्त पंप तुमच्या घराजवळच आहे. टाकी दोन असल्या म्हणून गाडी कमी पीत नाही, फक्त पंपावरच्या फेऱ्या कमी होतात.

मग कंपन्यांनी हा खटाटोप केला कशाला? तेव्हाची मोठी आठ सिलिंडरवाली व्ही-८ इंजिनं दहा-बारा मैलांना एक गॅलन गिळायची, गावाकडचे पंप लांब लांब आणि रात्री बंद. त्यात १९७३ आणि १९७९ च्या तेलटंचाईत अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या, नंबरप्लेटचा आकडा सम की विषम यावर गॅस मिळायचा. अशा काळात ३५ गॅलन जवळ असणं ही खरी सोय होती. पुढे फोर्डने १९९७ च्या नव्या एफ-१५० मध्ये दोन टाक्यांची पद्धत सोडून दिली. आजही कुणी पश्चिम टेक्सस किंवा वायोमिंगमध्ये घोड्यांचा ट्रेलर ओढत असेल तर त्याला मी वेगळा सल्ला देईन. तुमचं काम ते नाही.

आता खर्चाची दुसरी बाजू. दुसरी टाकी म्हणजे दुसरा पंप, गॅस किती उरला ते दाखवणाऱ्या गेजचा दुसरा सेन्सर, दुसरे पाइप, आणि सगळं तीस वर्षांचं. बजाजच्या स्कूटरवर नॉब रिझर्व्हला फिरवून घर गाठणारी आपली पिढी या दुसऱ्या टाकीला रिझर्व्ह समजते आणि मागची टाकी महिनोन्‌महिने वापरतच नाही. आतला गॅस शिळा होतो, त्यातलं इथेनॉल ओलावा धरतं, टाकी लोखंडी असेल तर आतून गंजते. वापरायची असेल तर आलटून पालटून वापरा, नाहीतर रिकामी ठेवा.

या फोर्डचा एक आजार मुद्दाम सांगतो. इंजिनाला लागतो त्यापेक्षा जास्त गॅस पंप पुढे पाठवतो आणि उरलेला परत येतो. तो ज्या टाकीतून निघाला तिथेच यायला हवा. आतला व्हॉल्व्ह गेला की पुढच्या टाकीतून निघालेला गॅस मागच्या टाकीत जाऊन पडतो, आणि ती आधीच भरलेली असेल तर झाकणापाशी ओघळायला लागतो. अ‍ॅव्हरेज अचानक निम्मं झाल्यासारखं वाटतं ते वेगळंच. तपासायचं असं: ट्रायलला जाताना दोन्ही टाक्या अर्ध्या असू द्या. गेज एकच असतं, डॅशबोर्डवरचं बटण ज्या टाकीवर असेल तिचं ते दाखवतं. आधी मागच्या टाकीचा काटा बघून ठेवा, मग पुढच्या टाकीवर अर्धा तास गाडी चालवा आणि बटण पुन्हा मागे टाका. काटा वर चढलेला दिसला तर ६,८०० वाल्याला "दोन्ही टाक्या चालू" हे शब्द मागे घ्यायला सांगा. हीच तपासणी उलट्या बाजूनेही करा. चालत्या गाडीत टाकी बदलताना इंजिन अडखळलं तरी समजून जा.

मित्र १९८५ ची शेवरले स्वस्तात देतोय म्हणता, ती मी घेणार नाही. जनरल मोटर्सच्या १९७३ ते १९८७ च्या त्या पिकअपच्या टाक्या चॅसीच्या मुख्य पट्टीच्या बाहेरच्या अंगाला आहेत. बाजूने धडक बसली तर टाकी फुटून आग लागण्यावरून अमेरिकेत मोठा वाद झाला. १९९४ मध्ये कंपनीने सरकारशी तडजोड करून सुरक्षा कार्यक्रमांना पाच कोटी डॉलरहून जास्त दिले, पण गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या नाहीत. म्हणजे आजही त्या तशाच फिरतायत. पोरं शेजारी बसणार असतील तर इथे हिशेब करतच बसू नका.

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की पैसे इमर्जन्सी फंडातून काढणार. मला टाकीपेक्षा हे जास्त खटकलं. तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहात. नोकरी गेली तर दुसरी शोधायला हाताशी जास्तीत जास्त साठ दिवस असतात, आणि जमिनीचा हप्ता त्या दिवसांतही येणारच. मार्चमध्ये बोनस आहे ना? तोवर ट्रेलर भाड्याने घ्या.

मार्चमध्ये ५,४०० वाली अजून विकली गेली नसेल तर बंद टाकीकडे बोट दाखवून ४,९०० पासून बोलणी सुरू करा. घेतल्यावर टाकीला हात लावू नका, त्या पैशात आधी ब्रेक आणि टायर. चोवीस वर्षांहून जुनी असल्याने धुराच्या तपासणीतून ती टेक्ससमध्ये सुटते. जुन्या गाड्यांना मिळणारी अँटिक नंबरप्लेट स्वस्त पडते म्हणून तिच्या मोहात मात्र पडू नका, त्या प्लेटवर रोजची सामानाची ने-आण चालत नाही. विमा घेताना लायबिलिटी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग, भरपूर ठेवा. स्वतःच्या नुकसानीचा, म्हणजे कोलिजनचा भाग पाच हजारांच्या गाडीवर मी घेतला नसता.