‘वरून सांगितलं’ म्हणणाऱ्या टीमला कोणतं पुस्तक द्यावं?

प्रश्न : चाकणच्या कारखान्यात मी शिफ्ट इन्चार्ज आहे. काही बिघडलं की पोरांचं एकच उत्तर, ‘वरून सांगितलं होतं.’ त्यांना कोणतं पुस्तक देऊ?

त्यांना नंतर द्या, आधी तुम्हीच डेव्हिड मार्केट यांचं ‘टर्न द शिप अराउंड’ वाचा. 1999 मध्ये मार्केट अमेरिकी नौदलाच्या ‘सांता फे’ या अणुपाणबुडीचे कप्तान झाले. तयारी मात्र केली होती दुसऱ्याच पाणबुडीची. एका सरावात त्यांनी असा वेग सांगितला, जो या पाणबुडीवर नव्हताच. हाताखालच्या अधिकाऱ्याला ते ठाऊक होतं, तरी त्यानं हुकूम पुढे दिला. का? कप्तानांनी सांगितलं म्हणून! तुमचंच दुखणं. यावर मार्केट यांनी भाषणं न देता निर्णय खाली सोपवले. परवानगी मागायची नाही, ‘मी अमुक करणार आहे’ असं सांगायचं आणि त्यामागचा विचारही बोलून दाखवायचा, अशी पद्धत पाडली.

तुमच्याकडे गडबड दिसली तर ऑपरेटर स्वतः लाइन थांबवू शकतो का? आणि थांबवली तर त्याला बोलणी बसतात का? याचं उत्तर मिळेपर्यंत पुस्तकांवर पैसे घालवू नका.

प्रश्न : आमच्या एचआरने नव्या मुलांना ‘एक्स्ट्रीम ओनरशिप’ हे पुस्तक वाटलं. मुलं म्हणतात, आता सगळं खापर आमच्याच डोक्यावर. टीम लीडर म्हणून काय सांगू?

मुलांचा संशय रास्त आहे. जॉको विलिंक आणि लीफ बाबिन या माजी नेव्ही सील (अमेरिकी नौदलाचे कमांडो) अधिकाऱ्यांचं हे पुस्तक सुरू होतं इराकमधल्या रमादीत, आपल्याच सैन्याने आपल्यावर गोळीबार केल्याच्या घटनेने. तिथे दोष अंगावर घेतो तो कमांडर. म्हणजे पुस्तक आहे साहेबांसाठी, आणि पोहोचलं शिकाऊंकडे. एक प्रत वरच्या मजल्यावर पाठवा. (फौजी थाट मला स्वतःला जरा जास्त वाटतो.)

प्रश्न : मी ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर. आमच्या टीमसाठी काही आहे का? आणि वाचन अप्रेझलला जोडावं का?

अमेरिकी सर्जन अतुल गावंडे यांचं ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ जणू तुमच्यासाठीच आहे. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव विदर्भातल्या उमरखेडजवळचं उटी, पण शिफारस त्यासाठी नाही. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी थांबून ठरलेल्या गोष्टी तपासायच्या, एवढीच त्यातली शस्त्रक्रियेची यादी. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मोठ्या गुंतागुंतींचं प्रमाण 11 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आल्याचं 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. चीर देण्याआधी प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं, हा भाग आपल्याकडे हसण्यावारी नेतात. पण एकदा तोंड उघडलेली सिस्टर पुढे ‘सर, थांबा’ म्हणू शकते. सगळ्यांना इंग्रजी जड जात असेल, तर तेवढं प्रकरण तुम्हीच मराठीत समजावून सांगा.

अप्रेझलचं म्हणाल, तर नको. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात हीच यादी वरून लादली गेली. बहुतेक रुग्णालयांनी ‘पाळली’ असं कळवलं, पण 2014 च्या अभ्यासात मृत्यू किंवा गुंतागुंतींत लक्षणीय घट दिसली नाही. वाचनाला गुण ठेवलेत, तर ‘वाचलं’ म्हणून सह्या तेवढ्या मिळतील.