चार वर्षांची मुलगी ‘मी वर्गातल्या मित्राशी लग्न करणार’ म्हणते. घरातल्यांनी काय करावे?

तुमची मुलगी ‘त्याच्याशीच लग्न करणार’ असे म्हणते आणि तिचे आजोबा त्या मुलाला ‘जावईबापू’ म्हणतात, हे वाचून मला राहवले नाही. हसावे, रागवावे की दुर्लक्ष करावे, असे तुम्ही विचारले आहे. रागवू तर नकाच. पण माझ्या मते चारचौघांतले हसणे रागावण्याहूनही वाईट.

माझा मुलगा लहान गटात होता तेव्हा त्याला वर्गातली एक मुलगी फार आवडत असे. ती आमच्या शेजारीच राहायची. डब्यात पोहे दिले की तो त्यातले शेंगदाणे एकेक वेचून झाकणात ठेवी, कारण तिला शेंगदाणे आवडत. ती शाळेत आली नाही की ते दाणे झाकणाला चिकटून तसेच घरी येत. एकदा जेवताना त्याने सांगून टाकले की तो मोठा झाल्यावर तिच्याशी लग्न करणार आहे आणि ती आजीच्या खोलीत राहणार आहे. मी ‘बरं’ म्हटले आणि भात वाढला. तेवढेच पुरेसे होते, असे मला आजही वाटते.

त्या मे महिन्यात घरात लग्न होते आणि शेजारचे म्हणून तिच्या घरचेही आले होते. माझ्या थोरल्या नणंदेने या दोघांना मुंडावळ्या बांधल्या, हातात हार दिले, पंधरावीस माणसे भोवती जमवली आणि कोणीतरी मंगलाष्टक सुरू केले. मुलगी रडू लागली. माझा मुलगा रडला नाही. तो खाली मान घालून हाराची फुले कुस्करत उभा राहिला. त्याचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरला आणि पुढे जो भेटेल तो त्याला ‘काय नवरदेव’ म्हणू लागला. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तो म्हणाला, ‘आई, डब्यात पोहे देऊ नकोस.’ मी कारण विचारले, तेव्हा म्हणाला, ‘सगळे हसतात.’

नणंदेचे म्हणणे असे की पूर्वी घरोघर बाहुला-बाहुलीची लग्ने लावत, त्यात कोणाचे काय बिघडले? बाहुला-बाहुलीच्या लग्नात मुले स्वतः विहीण आणि व्याही होतात, खेळ त्यांच्या हातात असतो. इथे मोठ्यांनी मुलांनाच बाहुल्या केले. हा फरक मी तिला तेव्हा सांगू शकले नाही.

या वयात लग्न म्हणजे आवडते माणूस कायम आपल्या घरी असणे, एवढाच अर्थ असतो. म्हणून तर हीच मुले आईशी आणि आजीशीही लग्न करायला निघतात. मात्र भावना लटकी नसते. मानसशास्त्रज्ञ एलेन हॅटफिल्ड यांनी 1988 साली 4 ते 18 वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात अगदी लहान मुलांनीही अशी तीव्र ओढ सांगितली होती. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. एलिनर मॅकोबी आणि कॅरोल जॅकलिन या मानसशास्त्रज्ञांना अमेरिकेतल्या मुलांमध्ये असे आढळले की साडेचार वर्षांची मुले दुसऱ्या लिंगाच्या सोबत्यांपेक्षा स्वतःच्याच लिंगाच्या सोबत्यांबरोबर सुमारे तिप्पट वेळ खेळतात आणि साडेसहाव्या वर्षी हेच प्रमाण अकरापटीवर जाते. मुलगा आणि मुलगी यांची मैत्री वयाबरोबर आपोआपच विरळ होत असेल, तर ‘जावईबापू’ म्हणून ती आपणच आधी का तोडायची?

मुलीने विषय काढला तर ‘तुम्ही दोघे काय खेळता?’ असे विचारा आणि नीट ऐका. त्याला तिचा मित्रच म्हणा. मिठी मारण्याआधी समोरच्याला विचारायचे आणि तो ‘नको’ म्हणाला तर थांबायचे, हे मात्र आताच शिकवा. एक गोष्ट वेगळी धरावी लागेल: दोघांपैकी एकाला ही जवळीक नकोशी असेल, मूल शाळेत जायला घाबरू लागले असेल किंवा खेळात मोठ्यांच्या शारीरिक वागण्याची नक्कल दिसत असेल, तर ‘बरं’ म्हणून सोडून देऊ नका, बाईंशी बोला आणि गरज वाटल्यास बालरोगतज्ज्ञांनाही विचारा.

आजोबांना मुलीसमोर टोकू नका, त्यांचाही मान राहिला पाहिजे. ती झोपल्यावर सांगा, पण आजच सांगा. मी ते लग्न पार पडेपर्यंत थांबले होते.