कासच्या सड्यावर फोटो राखाडी, विरळ आणि हललेले का येतात

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: मागच्या सप्टेंबरात साताऱ्याजवळच्या कास पठारावर गेलात, एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा होता, सोबत १८-५५ मिमीची किट लेन्स आणि ५५-२५० मिमीची लांब लेन्स. धुकं मळकट राखाडी आलं, फुलांचा गालिचा विरळ दिसला, निम्मे फोटो हलले आणि लेन्सवर वाफ धरली. यंदा नवी वाइड लेन्स घ्यावी का, हे विचारलंय.

घेऊ नका. वाइड लेन्सने गालिचा आणखी विरळ दिसेल. कासची बहुतेक फुलं वीतभरसुद्धा उंच नसतात. उभं राहून वरून फोटो काढला की दोन झाडांमधली माती आणि जांभा दगड सगळा दिसतो. कॅमेरा जमिनीपासून तीस-चाळीस सेंटिमीटरवर आणा, म्हणजे पुढचं फूल मागच्या मोकळ्या जागेवर येतं आणि तीच पिवळी सोनकी दाट दिसायला लागते. लेन्स ५५-२५० लावा. लांबच्या फोकल लेंग्थने मागचे ताटवे पुढच्याला चिकटल्यासारखे दिसतात आणि पायवाट सोडावी लागत नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, मातीचा थर कित्येक ठिकाणी दोन-चार बोटांचाच असतो, पाय पडला की तो दाबला जातो आणि पुढच्या वर्षी तिथे उगवायला काही उरत नाही. कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे ते याच पातळ मातीवरच्या वनस्पतींमुळे. फोटोसाठी एक पाऊलही आत टाकू नका, ट्रायपॉडचा पायसुद्धा नाही.

आता आकडे. एफचा आकडा म्हणजे लेन्सचं छिद्र: आकडा मोठा, तितकं छिद्र लहान आणि स्पष्ट पट्टा रुंद. २५० ला एफ/५.६ ठेवून आठ मीटरवर फोकस केला तर जेमतेम वीस-पंचवीस सेंटिमीटरची पट्टी स्पष्ट येते, बाकी सगळं विरघळतं. एखाद-दुसऱ्या तुऱ्यासाठी हे छान, गालिच्यासाठी नाही. १२० च्या आसपास या, एफ/८ करा, तेवढ्याच अंतरावर जवळजवळ दीड मीटरचा पट्टा मिळतो. पुढे फुलं आणि मागे डोंगर दोन्ही स्पष्ट हवे असतील तर १८ ला एफ/११ ठेवून दीड मीटरवर फोकस करा. पाऊण मीटरपासून पुढचं सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. फूल त्याहून जवळ घेतलं की ते किंवा डोंगर, एकच निवडावं लागेल. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका, चित्र मऊ पडतं. फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेले फोटो जोडणं) कासच्या वाऱ्यात होत नाही, दोन फ्रेममध्ये फूल जागेवर राहत नाही.

फोटो हलण्याचं कारणही बहुतेक वेळा हात नसून वाराच असतो, म्हणून ट्रायपॉड किंवा स्टॅबिलायझर उपयोगी पडत नाही. फुलांना १/२५० सेकंद हा कमीत कमी शटर, लांब लेन्सला १/५००. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० लागला तर लावा, थोडे दाणे चालतात, हललेलं फूल चालत नाही. वारा झुळकांनी येतो. दोन झुळकांच्या मधे पाच-सहा फ्रेम सलग घ्या.

राखाडी धुक्याचं कारण कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर. तो समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून चालतो आणि पांढरं धुकं खाली ओढतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +०.७ ते +१.३ द्या. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उजवीकडे सरकावा, पण भिंतीला टेकू नये. सोनकीच्या बाबतीत मात्र तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम वेगवेगळा बघा. पिवळ्या फुलात लाल चॅनल आधी फुटतो, म्हणजे भिंतीला टेकून बारकावे घालवतो, एकत्रित आलेख ठीक दिसतो आणि घरी आल्यावर पाकळ्यांच्या जागी सपाट पिवळा ठिपका सापडतो. तेरड्याच्या गुलाबीतही असंच होतं. फुलांनी फ्रेम भरली असेल तर कॉम्पेन्सेशन पुन्हा शून्यावर आणा. रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) काढा.

दाट धुकं आलं की डोंगराचा नाद सोडून ओल्या खडकाकडे बघा. सीतेची आसवं आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती पायवाटेच्या कडेलाही सापडतात. दवबिंदूच्या पानावर लाल केस असतात, प्रत्येक केसाच्या टोकाला डिंकाचा थेंब. प्रकाश समोरून येईल असे बसलात की ते थेंब चमकतात, पाठीमागून आला तर नुसता लाल ठिपका दिसतो. किट लेन्स ५५ ला, सर्वांत जवळचा फोकस, एफ/८, आणि अंगाचा आडोसा करून वारा अडवा.

वाफ धरते कारण काच हवेपेक्षा थंड असते. गाडीचा एसी सातारा सोडतानाच बंद करा आणि वर पोचल्यावर बॅग वीस मिनिटं बंदच ठेवा. पुसत बसू नका, पुन्हा धरते आणि वर चरे पडतात. खाली साताऱ्यात उतरल्यावरही हेच होतं, सड्यावर गार झालेला कॅमेरा कोमट दमट हवेत येतो. धुक्यात लेन्स बदलू नका आणि उगाच झूम पुढेमागे करू नका, किट लेन्स पुढे सरकताना दमट हवा आत ओढते.

पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिल्टर) नक्की न्या, ओल्या पानांवरची पांढरी चकाकी तो काढतो, मात्र एक ते दोन स्टॉप, म्हणजे निम्मा ते पाऊण, उजेड खातो. ठोसेघरला लेन्स लांबचीच लागते. धबधब्याला १/४ ते १ सेकंद, तिथे ट्रायपॉड हवा आणि तो रेलिंगला टेकवू नका. चिखलात ट्रायपॉडच्या पायांचा खालचा बारीक भाग आधी बाहेर काढा, म्हणजे पायांची कुलपं चिखलाच्या वर राहतात. चाळकेवाडीला पवनचक्क्यांची पाती १/१५ वर फिरती दिसतात, १/५०० वर ठप्प.

शनिवार-रविवार टाळा, बुकिंग ऑनलाइन करा. सप्टेंबरात सूर्य जवळजवळ नेमका पूर्वेला, सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान उगवतो. तेव्हा यवतेश्वर घाटात थांबलात तर खाली शहर आणि उजवीकडे अजिंक्यतारा मिळतो.

घरी आल्यावर ओली बॅग बंद करून ठेवू नका. कॅमेरा आणि लेन्स पंख्याखाली दोन तास, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत. नारिंगी दाणे हिरवे झाले की मंद आचेवर परतून पुन्हा नारिंगी करा, पण ती कढई स्वयंपाकाला वापरू नका. डब्यात आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० मध्ये हवा. तांदूळ घालू नका, त्यांची पूड लेन्सच्या रिंगमध्ये जाते.