रिकामा गॅस सिलिंडर पाणी भरून कापला तर चालतो का?

नाही चालत. घरातला जुना १४.२ किलोचा सिलिंडर रिकामा आहे, वास येत नाही, तो कापून शेगडी करायची आहे, आणि व्हिडिओत एकाने पाणी भरून ग्राइंडरने कापलेला पाहिला, असं तुम्ही लिहिलंय. 'रिकामा' हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. या शब्दापायी माझे वडील आणि काका एकोणीस वर्षं एका पंगतीला बसले नाहीत.

तासगाव रस्त्याला आमचं वेल्डिंगचं दुकान होतं. काका मुख्य मिस्त्री, वडील हिशेब बघायचे, काकांचा मुलगा म्हणजे आमचा दादा कटिंग करायचा आणि मी आयटीआय संपवून नुकताच हाताखाली आलेलो. १९९६ चा ऑक्टोबर. द्राक्षाची छाटणी तोंडावर आली की औषध कालवायला बॅरल लागतात, त्यामुळे भंगारातली २०० लिटरची बॅरलं तोंड कापून द्यायचं काम रोज यायचं. त्या दिवशी पाच आली. चार तेलाची, एक थिनरचं.

थिनरच्या बॅरलचं मोठं बूच, दोन इंची, मी छिन्नी-हातोडीने काढलं. पाऊण इंची छोटं बूच गंजून बसलं होतं, ते निघेना. दोन बादल्या पाणी आणि धुण्याची पावडर आत टाकली, बॅरल गडगडवलं, उपडं करून निथळलं आणि दहा वाजल्यापासून उन्हात ठेवलं. दुपारी दोनला काकांनी भोकाला नाक लावलं आणि म्हणाले, "काय नाही, रिकामं हाय. घ्या." बॅरल दोन अँगलवर आडवं ठेवलं होतं. दादाने गॅस कटर पेटवला आणि काठाला लावला.

आवाज मला आठवतच नाही. आठवतं ते एवढंच की बॅरलचं बूड पातेल्यासारखं बाहेर फुगलं होतं, तोंडाकडचा पत्रा अर्धा फाटून उलटा वळला होता, आणि दादा भिंतीशी बसून उजवा हात डाव्या हाताने धरून बघत होता. हात मनगटात मोडला होता. भुवया नव्हत्या. डावा कान गेला तो कायमचा. मिरजेला दवाखान्यात नेलं, तिथे माझे रक्ताचे कपडे बदलताना पँटच्या खिशातून ते दोन इंची बूच खाली पडलं.

काकांनी पहिल्या दिवसापासून एकच धरलं: पोराने बूच उघडलं नाही, आत कोंडलं म्हणून फुटलं. वडिलांनी बूच पुढे टाकलं तर म्हणाले, "मग छोटं कुठाय?" छोटं खरंच बंद होतं. मी काय बोलणार? पुढची सात वर्षं मी हेच मानून चाललो की दादाचा कान माझ्यामुळे गेला.

२००३ मध्ये एका ठेकेदाराकडे पेट्रोल टँकरच्या दुरुस्तीवर लागलो तेव्हा खरं काय ते कळलं. तिथे गॅस-फ्री सर्टिफिकेट, म्हणजे टाकीत गॅस उरलेला नाही असा दाखला, हातात पडल्याशिवाय वेल्डिंगच्या होल्डरला रॉड लावायची परवानगी नव्हती. एक टँकर धुऊन आला. सुपरवायझरने हवेत पेटणारा गॅस किती ते दाखवणारा मीटर मॅनहोलच्या, म्हणजे टाकीच्या वरच्या झाकणाच्या, तोंडाशी धरला, काटा शून्यावर. मग रबरी नळी बुडापर्यंत सोडली आणि काटा सरकला. सरकतच राहिला. मी तिथेच उभा राहून आमच्या बॅरलचा हिशेब केला. पेट्रोल असो, थिनर असो, स्वयंपाकाचा गॅस असो, वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाला बसते. काकांनी नाक लावलं होतं वरच्या भोकाला. आणि थंड पाण्याने थिनर जात नाही, तो बुडाच्या दुमडीत आणि गंजाच्या पापुद्र्याखाली बसलेला असतो. ज्वाला लागली की पत्रा तापतो आणि तो बाहेर येतो. २०० लिटरच्या बॅरलला असे दोन-तीन चमचे पुरतात.

आता बुचाचं. बंद भांड्यात वाफ आणि हवेचं मिश्रण पेटलं की दाब क्षणात सात-आठ पट होतो. दोन इंची भोकातून तो तेवढ्या वेळात निघूच शकत नाही, आणि पत्र्याच्या बॅरलला तो पेलत नाही. दोन इंची भोक उघडं असून काही उपयोग झाला नाही, तिथे पाऊण इंची उघडं असतं तर काय होणार होतं? उलट उघड्या भोकातून आत गेली ती हवा. भरलेल्या बॅरलमध्ये नुसती वाफ असते, पेटायला हवा नसते. रिकामं केलं की हवा मिळते. म्हणून भरलेल्यापेक्षा रिकामं जास्त घातक. हे मी काकांना सांगायला गेलो तर ते उठून आत गेले. २०१५ ला वारले, तोवर त्यांच्या तोंडी छोटं बूचच होतं. चूक बुचाची नव्हती. वास नाही म्हणजे गॅस नाही असं मानण्याची होती.

तुमच्या सिलिंडरचं म्हणाल तर तो ३३ लिटरचा आहे. एलपीजी हवेत दोन टक्क्यांच्या आसपास गेला की पेटतो, आणि द्रव एलपीजीची वाफ साधारण अडीचशे पट होते. म्हणजे अर्धा चमचा द्रव आत राहिला तरी सिलिंडर स्फोटाला तयार. शेगडी पेटेनाशी झाली म्हणजे आतला गॅस संपला असं नाही, फक्त शेगडीपर्यंत यायला दाब उरलेला नाही. शिवाय वासासाठी घातलेलं मर्कॅप्टन आणि तळाचा तेलकट गाळ पत्र्याला धरून बसतो. वॉल्व्ह घरी काढायला गेलात तर कापायच्या आधीच घर गॅसने भराल. आणि सिलिंडर तुमचा नाहीच, तुम्ही डिपॉझिट भरलंय, मालकी कंपनीची. त्याची दुरुस्तीसुद्धा परवानाधारक ठिकाणीच होते, गॅस सिलिंडर नियम २०१६ आणि पेसो हे स्फोटकं-पेट्रोलियमची सुरक्षा बघणारं सरकारी खातं त्यासाठीच आहे. एजन्सीत परत करा, डिपॉझिट घ्या.

पाणी भरण्याबद्दल: पद्धत खोटी नाही, पाणी गॅसला बाहेर ढकलतं. पण पहिला चर पडला की तिथून पाणी वाहतं, पातळी उतरते आणि वरची जागा हवेने भरते, नेमकी तुमच्या ठिणग्यांखाली. बाहेर ढकललेला गॅस दुकानाच्या फरशीवर पसरलेला असतो ते वेगळंच. ओल्या हातात विजेचा ग्राइंडर, ते आणखी वेगळं.

धंद्यात असणाऱ्यांसाठी दोन शब्द. आतली हवा हटवायला म्हणून सायलेन्सरला पाइप लावून गाडीचा धूर टाकीत सोडणं बंद करा, त्यात किती हवा आहे हे कुणी मोजलेलं नसतं. पेटता बोळा टाकून "आधीच जाळून घेऊ" हेही बंद करा. पाण्याची वाफ द्यायची, भांडं सगळीकडून हाताला चटका बसेल इतकं तापेपर्यंत, आणि त्यानंतरही देत राहायची. मग मीटर बुडापर्यंत, कप्पे असतील तर प्रत्येक कप्प्यात. नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड भरला तरी तोंड उघडं ठेवायचं, आणि जेवून आल्यावर पुन्हा मीटर. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम ३७ मध्ये हेच लिहिलं होतं: ज्वालाग्राही पदार्थ ज्यात आहे किंवा पूर्वी होता अशा टाकीला, तो आणि त्याची वाफ काढल्याशिवाय किंवा निष्प्रभ केल्याशिवाय वेल्डिंग-कटिंग नाही. 'पूर्वी होता' हे दोन शब्द १९४८ मध्येच कायद्यात आले.

हे मी टाक्या आणि बॅरलबद्दल सांगतोय. ॲसिटिलीनच्या नळकांड्याला यातलं काहीही लावू नका, त्याची रचनाच वेगळी. डिझेलची टाकीही सुरक्षित समजू नका, तापलेल्या पत्र्यावर डिझेलचीही वाफ होते.

शेगडीच हवी असेल तर पाण्याच्या लाइनचा आठ-दहा इंची लोखंडी पाइप भंगारात मिळतो. गॅल्व्हनाइज्ड असेल तर नको, त्याचा धूर बाधतो. दादा असल्याच पाइपच्या शेगड्या करतो. बोलायचं असेल तर त्याच्या उजव्या बाजूला उभं राहून बोला.