गेम स्वतः न खेळता यूट्यूबवर पूर्ण पाहिला, तर तो ‘संपवला’ असे म्हणता येते का?

आपण एका प्रश्नात दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला असा की, ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या लॅपटॉपमुळे आपण मोठमोठे गेम यूट्यूबवर पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहता, आणि मित्र म्हणतात की हे काही धरता येणार नाही. तर ते धरावे की नाही. दुसरा असा की, अशा पाहण्याने गेम बनवणाऱ्यांचे नुकसान होते का. दुसऱ्याचे उत्तर शेवटी जमेल तसे देते. पहिल्याचे उत्तर मात्र मला गेल्या दिवाळीपासून कोणाला तरी द्यायचेच होते, आणि आपला प्रश्न नेमका समोर आला.

गेल्या भाऊबीजेला दादा, वहिनी आणि माझा दहा वर्षांचा भाचा पुण्याहून कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी आले होते. भाचा त्यांच्या घरच्या पीएस-फाइव्ह या सोनीच्या गेम खेळायच्या यंत्रावरील एका गेममध्ये अडकला होता आणि कुठे अडकला ते मला हातवारे करून सांगत होता. तो गेम मी पूर्ण पाहिलेला असल्यामुळे मी त्याला दोन गोष्टी सुचवल्या. “आत्या, तू खेळलीस हा?” असे त्याने विचारले, आणि मी तोंड उघडण्याआधीच दादा म्हणाला, “हिनं जन्मात एक बी गेम खेळलेला न्हाई. नुसती बघत बसती आणि आमास्नी शिकवती.” वहिनी हसल्या, भाचा हसला, आणि मी ओवाळणीचे ताट उचलून आत गेले.

हे वाक्य ज्याने उच्चारले, त्याच्याविषयी आता थोडे सांगणे भाग आहे. २००४ साली दादा नववीत होता आणि मी पाचवीत. राजारामपुरीतल्या एका गल्लीत तळमजल्यावर एक सायबर कॅफे होता, तासाला वीस रुपये. दर रविवारी आम्हा दोघांना मिळून वीस रुपये मिळत, म्हणजे एक तास, एक मशीन आणि एक खुर्ची. खुर्चीवर अर्थातच दादा बसे. मला एक निळे प्लॅस्टिकचे स्टूल मिळे, ज्याचा एक पाय आखूड असल्यामुळे मालकाने त्याखाली सीडीचे रिकामे कव्हर दुमडून घातले होते; जरा हलले की ते कव्हर सरके आणि स्टूल डुगडुगे, म्हणून मी तो तासभर जवळजवळ न हलता बसत असे. त्या काळी कोल्हापुरातल्या बहुतेक कॅफेंप्रमाणे तिथेही ‘व्हाइस सिटी’ हा गुन्हेगारीचा, मारधाडीचा गेम होता. (तो गेम आमच्या वयाचा नव्हता, हे मान्य.) खेळ जिथवर आला तिथवर सेव्ह करायला आठच जागा असत आणि आठवडाभर शंभर पोरे त्या मशीनवर बसत, त्यामुळे आपला सेव्ह पुढच्या रविवारी शिल्लक असेल याची खात्री नसे.

ज्यांनी तो गेम खेळला आहे त्यांना खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचे ते मिशन नुसते म्हटले तरी आठवेल. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत रिमोटचे छोटे हेलिकॉप्टर घालायचे, एकेक करून चार बॉम्ब उचलायचे, चार मजल्यांवर ठेवायचे, आणि हे सगळे घड्याळ संपण्याच्या आत. कीबोर्डच्या नंबरपॅडवर ते हेलिकॉप्टर सांभाळणे हा निव्वळ छळ होता. दादा तीन रविवार हरला. तिसऱ्या रविवारी त्याने कीबोर्डवर मूठ आपटली आणि मालकाने गल्ल्यावरून नुसते खाकरून दाखवले.

दादाची नजर पूर्ण वेळ हेलिकॉप्टरच्या शेपटीवर असे, कारण त्याचे हात तिथे होते. माझे हात मांडीवर होते. त्यामुळे मला पडद्याचा कोपरा दिसत होता, आणि त्या कोपऱ्यातले घड्याळ पहिला बॉम्ब उचलेपर्यंत सुरूच होत नाही, हे मला दुसऱ्याच रविवारी कळले होते. म्हणजे आधी कितीही वेळ फुकट फिरता येत होते. जिने पाठ करता येत होते, अंगावर येणाऱ्या कामगारांना हेलिकॉप्टरच्या पात्यांनी आधीच बाजूला करता येत होते, आणि मग शांतपणे पहिल्या बॉम्बला हात घालता येत होता. चौथ्या रविवारी मी धीर करून म्हणाले, “दादा, आधी नुसता फिर. बॉम्ब उचललास की मगच घड्याळ लागतंय, मी बघितलोय.” (आमच्याकडे मुलीही ‘मी बघितलो, मी जातो’ असेच बोलतात, लिहिताना मी नीट लिहिते.) त्याने ऐकले, आणि त्याच दिवशी मिशन निघाले. घरी गेल्यावर त्याने आईला सांगितले, “मी काढलं.” मी तेव्हा काही बोलले नाही, कारण मला परतताना उसाचा अर्धा ग्लास रस मिळाला होता.

एवढे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, ‘पाहणे’ ही यूट्यूबने काढलेली सवय आहे असे आपल्या मित्रांना वाटत असावे. आपल्याकडे गेम पहिल्या दिवसापासून एकाने खेळायचा आणि तिघांनी पाहायचा, असाच चालत आला आहे, कारण पैसे एकाच खुर्चीचे होते. आजही हिशेब फारसा बदललेला नाही. पीएस-फाइव्ह फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आला तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती, आणि सोनीचे स्वतःचे मोठे नवे गेम ४,९९९ रुपयांना होते. ज्याला हे परवडते, तो ‘पाहिलेले धरत नाही’ असे म्हणतो. मी हे वाक्य रिकाम्या खिशाच्या माणसाकडून अजून ऐकलेले नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि मला पुन्हा स्टूल मिळाले, एवढेच. शिरोलीच्या एका फाउंड्रीत हिशेब लिहून घरी आले की रात्री एक तास, त्या वीस रुपयांच्या तासासारखाच, मी एखाद्या गेमचा वॉकथ्रू, म्हणजे कोणीतरी तो पूर्ण खेळतानाचा व्हिडिओ, पाहते. कोपऱ्यात चेहरा लावून दर मिनिटाला किंचाळणारे मला सहन होत नाहीत. बडबड न करणारा, सावकाश खेळणारा, प्रत्येक दार उघडून पाहणारा खेळाडू सापडला की मी त्याच्याच मागे जाते.

आता पाहण्यात खेळण्यापेक्षा वेगळे काय मिळते, हे मला माझ्या आईने शिकवले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी आमच्या दारापर्यंत आले नव्हते, पण उपसा केंद्रे बुडाल्यामुळे नळ कोरडे होते, महामार्ग बंद होता, वीज सारखी जात होती आणि टँकरची वाट पाहण्याखेरीज कामच नव्हते. माझ्या फोनमध्ये ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ या काउबॉयांच्या गेमच्या व्हिडिओचे बरेच भाग आधीच उतरवून ठेवलेले होते. मी ते पाहत असताना आई शेजारी येऊन बसली. तिला इंग्रजी येत नाही, बंदुकांशी तिला काही कर्तव्य नाही, पण तिच्या वडिलांचा टांगा होता, आणि पडद्यावर घोडा दिसला तशी ती थांबली. मी ज्याचे व्हिडिओ पाहत होते तो खेळाडू कुठेही निघण्यापूर्वी खाली उतरून घोड्याला ब्रश करी आणि खायला घाली. “खरारा करतोय बघ,” आई म्हणाली. “पोरगं चांगलं हाय.”

त्याचे उतरवलेले भाग संपले तेव्हा माझ्याकडे त्याच गेमचे दुसऱ्या कोणाचे तरी भाग होते, ते मी लावले. नायक तोच, घोडा तसाच, कथा तीच. हा खेळाडू मात्र घोडा दमला तरी टाचा मारत राही, कड्यावरून खाली घाली, आणि घोडा पडला की हसे. पाच मिनिटांत आई म्हणाली, “ह्याचं नको. त्या दुसऱ्याचं लाव.” एकच आख्यान दोन कीर्तनकारांकडून ऐकल्यावर आपण कीर्तनकाराविषयी बोलतो, तशी ती बोलत होती. हातात बटने असती तर तिला हे कळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तेव्हा घोडा जसा वागवला जाईल तसा तिनेच वागवला असता.

नळाला पाणी आल्यावरही आम्ही ते पाहतच राहिलो. ज्यांना हा गेम अजून खेळायचा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा. नायकाच्या शेवटच्या मिशनमध्ये त्याचा घोडा गोळी लागून मरतो, आणि पाठलाग अंगावर येत असतानाही नायक त्याच्यापाशी गुडघे टेकून त्याचे आभार मानतो. आईने विचारले, “ह्यानं एवढं जपलं, तरी मेलं? कुठं चुकला का पोरगा?” मी सांगितले की चुकला नाही, कोणीही खेळले तरी तो घोडा तिथे मरतोच. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “मग रोज खरारा कशाला करायला लावला?”

दादाने तो गेम खेळून संपवला आहे. शेवटाविषयी त्याला विचारले तर तो नकाशाचा किती टक्के भाग पूर्ण झाला ते सांगतो.

त्याच्या बाजूचा मुद्दाही लिहिते, नाहीतर तो म्हणेल की मी लपवला. त्या भाऊबीजेच्या रात्री मी त्याला विचारले होते की, शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघासाठी घसा फुटेपर्यंत ओरडणाऱ्याने शाळेनंतर चेंडूला पाय लावलेला नाही, खासबागेत कुस्ती पाहायला जाणाऱ्याने तालमीत दोन महिनेही काढले नाहीत, मग त्याचे ते पाहणे कसे धरले जाते? तो म्हणाला, “कुस्ती बघणाऱ्यासाठीच मांडलेली असती. गेम तुझ्या हातासाठी केलाय, तूच हात लावंनास.” हे उत्तर चांगले होते आणि त्या रात्री मला त्यावर काही सुचले नाही.

सुचले ते नंतर, आणि तेही अर्धे त्याच्या बाजूनेच. काही गेम खरोखर हातासाठी, किंवा डोक्यासाठी, केलेले असतात आणि ते पाहिले की वाया जातात. २०१८ चा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा दिन’ हा त्यांपैकी एक. १८०७ साली रिकामे परत आलेले एक जहाज, त्यावरची साठ माणसे, आणि त्यांतील प्रत्येकाचे नाव व त्याचे काय झाले हे आपण तर्काने शोधायचे, एवढाच तो गेम. तो मी दोन रात्रींत पाहून टाकला. पुढच्या वर्षी सेलमध्ये मोठ्या हौसेने विकत घेतला आणि उघडल्यावर लक्षात आले की करण्यासारखे काही उरलेलेच नाही, साठच्या साठ जणांचे काय झाले ते मला पाठ होते. तो मूर्खपणा माझा. ‘आउटर वाइल्ड्स’चेही तसेच, त्यात कळणे हीच एकमेव कमाई आहे, त्यामुळे त्याचा एकही व्हिडिओ पाहू नका. ‘एल्डन रिंग’सारख्या गेममध्ये त्याच शत्रूकडून चाळीसदा मरून एकेचाळिसाव्या वेळी जिंकण्याची जी चव आहे, ती पाहणाऱ्याला मिळत नाही, त्याला फक्त चाळीस मरणे मिळतात. कथेचे, माणसांचे, प्रवासाचे गेम मात्र खुशाल पाहा, आणि एकाच गेमचे दोन खेळाडू पाहा.

राहिला बनवणाऱ्यांच्या नुकसानीचा प्रश्न. लांबलचक, खर्चिक गेमांचे फार बिघडत नसावे, कारण पाहणाऱ्यांपैकी काहीजण पुढे विकत घेतात. दोन तासांच्या, एकाच वाटेच्या कथेचे मात्र नुकसान होते. जानेवारी २०१६ मध्ये ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ आला; आपल्या लहानग्याच्या कर्करोगाची आणि मृत्यूची गोष्ट त्यात त्याच्या आईवडिलांनीच सांगितली आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये बनवणाऱ्यांनी लिहिले की असंख्य लोकांनी तो व्हिडिओतून पूर्ण पाहिला, पण विक्रीतून आपल्या हाती अजून एक डॉलरही आलेला नाही. मीही त्या पाहणाऱ्यांपैकी होते. नंतर मी तो विकत घेतला आणि अजूनपर्यंत एकदाही चालू केलेला नाही, कारण पुन्हा त्यातून जाण्याची छाती नाही. आपल्यालाही असा एखादा छोटा गेम पाहून रडू आले असेल, तर सेलमध्ये का होईना, तो घ्या.

आणि मित्रांपुढे ‘संपवला’ म्हणू नका, ‘पाहिला’ म्हणा. मी तसेच म्हणते. त्यात कमीपणा नाही आणि वाद अर्ध्यावर येतो.

लॅपटॉपचे मॉडेल कळवलेत तर त्यावर काय चालेल ते प्रतिसादात सांगू शकेन. आणि दादा, तू माझी उत्तरे वाचतोस हे मला वहिनींकडून कळले आहे. घड्याळ पहिला बॉम्ब उचलल्यावर लागते हे तुला कोणी सांगितले होते, ते पुढच्या दिवाळीला भाच्यासमोर एकदा सांगून टाक. उसाच्या रसाचा उरलेला अर्धा ग्लासही अजून येणे आहे.